नाव जप्त झालं, पुढे?

केतकी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फोर्टमधल्या एका वकिलांकडे इंटर्नशिप करते. ऑफिसात एक मराठी निर्माता आला. चित्रपट लागायला थोडे दिवस उरलेत, तो फुकटात वाटणाऱ्या साइट्सची डोमेनंच जप्त करून टाका, असा त्याचा हट्ट. त्यावर नोट लिहायचं काम केतकीच्या गळ्यात पडलं आणि ती थेट ठाण्याला वसुधाआत्याकडे पोचली. आत्याची अख्खी नोकरी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळण्यात गेली आहे.

केतकी : आत्या, एकच सांग. डोमेन जप्त केलं की साइट बंद पडते का?

आत्या : नाही. झाली तुझी नोट. चहा टाकू?

केतकी : असं नको ना करूस. सर कारण विचारतील.

आत्या : मग आधी जप्त नक्की काय होतं ते बघ. तुमच्या सोसायटीत खाली नावांचा बोर्ड आहे. सेक्रेटरीने त्यावरून कुलकर्ण्यांचं नाव काढलं म्हणून कुलकर्णी घर सोडून जात नाहीत. नवा पाहुणा जिन्यात घुटमळेल, कुरिअरवाला परत जाईल. पण ज्याला ४०२ माहीत आहे तो सरळ वर जाऊन बेल दाबेल. डोमेन नेम सिस्टीम म्हणजे तो बोर्ड. नाव आणि त्यापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता. जप्ती होते ती नावाच्या ओळीची. सर्व्हर, त्यातल्या फायली, चालवणारा माणूस, त्याचं बँक खातं, यातल्या कशालाही हात लागलेला नसतो.

केतकी : पण ती ओळ खोडायचा अधिकार कोणाला? साइट स्पेनची असेल तर मुंबईतलं किंवा न्यूयॉर्कमधलं कोर्ट काय करणार?

आत्या : डॉट कॉम आणि डॉट नेट या दोन्ही शेपट्यांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन नावाच्या कंपनीकडे आहे आणि ती कंपनी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टन गावी आहे. मालक स्पॅनिश असो, सर्व्हर स्वीडनमध्ये असो, नाव कॅनडातल्या कंपनीकडून घेतलेलं असो. अमेरिकन मॅजिस्ट्रेटने वॉरंट काढलं की व्हेरिसाइन ती नोंद बदलते. २०१० च्या जूनमध्ये तिथल्या आइस या खात्याने हे सपाट्याने सुरू केलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन इन अवर साइट्स’. आधी टीव्हीशॅक, निंजाव्हिडिओ वगैरे नऊ डोमेनं, मग त्याच नोव्हेंबरात एका फटक्यात ८२. त्यांत नकली बॅगा-बूट विकणाऱ्या साइट्सच जास्त होत्या, पण गाण्या-चित्रपटांच्या साइट्सही होत्या.

केतकी : म्हणजे प्रत्यक्षात करतात काय?

आत्या : अगदी किरकोळ काम असतं. प्रत्येक डोमेनच्या नोंदीत ‘नेमसर्व्हर’ म्हणून दोन-तीन नावं असतात. या साइटचा पत्ता कोणाला विचारायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. जप्त झालेल्या डोमेनांची ती नावं बदलून तिथे ‘सीझ्डसर्व्हर्स डॉट कॉम’ घातलं. मग जो कोणी साइटवर जाईल त्याला सरकारी शिक्क्यांचं ‘हे डोमेन जप्त केले आहे’ असं पान दिसायचं. मूळ सर्व्हर इकडे बिनघोर चालू. मालकाने दुसरं नाव विकत घ्यायचं, ते त्याच आयपीकडे वळवायचं, संपलं. काही शे रुपयांचं काम आणि अर्धा तास.

केतकी : आणि मालकाला आधी नोटीस?

आत्या : कसली नोटीस? सकाळी उठून स्वतःची साइट उघडायची आणि शिक्के बघायचे, तीच नोटीस.

केतकी : हं. म्हणजे एकतर्फी आदेश. आणि दावा माणसाविरुद्ध नाही, वस्तूविरुद्ध. आरोपी डोमेन! मालकाला हवं असेल तर त्याने येऊन सिद्ध करायचं की माझी वस्तू निर्दोष आहे.

आत्या : बरोब्बर. आता यातली गंमत ऐक. रोहादिरेक्ता नावाची स्पॅनिश साइट होती. फुटबॉल सामन्यांच्या लिंका द्यायची. स्पेनमधल्या न्यायालयांनी दोनदा तिला कायदेशीर ठरवलेलं. तरी २०११ च्या फेब्रुवारीच्या तोंडावर अमेरिकेने तिची डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग अशी दोन्ही नावं घेतली. साइट लगेच डॉट ईएस, डॉट एमई अशा दुसऱ्या नावांवर गेली. पण मालक कायद्याने चालणारा. तो न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला, म्हणाला, नावं परत द्या, माझं नुकसान होतंय. न्यायाधीश होते पॉल क्रॉटी. त्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये अर्ज फेटाळला. कारण काय दिलं असेल?

केतकी : चोरीला उत्तेजन मिळेल?

आत्या : नाही. कारण असं दिलं, की साइटचं फार मोठं नुकसान होत नाहीये, ती दुसऱ्या डोमेनांवरून चालूच आहे आणि नवे पत्ते लोकांना कळवता येतात.

केतकी : थांब, थांब. म्हणजे जप्तीने साइट बंद पडत नाही, हेच जप्ती कायम ठेवायचं कारण?

आत्या : हे नोटमध्ये घाल, तुझे सर खूश होतील. पुढच्या वर्षी, २०१२ च्या ऑगस्टमध्ये, सरकारने स्वतःच खटला मागे घेतला आणि नावं परत केली. दीड वर्षाने.

केतकी : आणि खरे चोर?

आत्या : ते कशाला कोर्टात जातील? माझा या प्रकारावर राग आहे तो एवढ्याचसाठी. डोमेन जप्ती लागते कोणाला, तर ज्याला आपलं नाव प्यारं आहे, जो वकील करतो, तारखांना जातो, त्याला. डॅजॅझवन म्हणून हिप-हॉप संगीताची एक अमेरिकन साइट होती. तिच्यावर ठेवलेली काही गाणी खुद्द रेकॉर्ड कंपन्यांच्याच लोकांनी प्रसिद्धीसाठी पाठवलेली होती. तिचं नाव नोव्हेंबर २०१० मध्ये जप्त झालं. सरकार गुपचूप मुदती वाढवून घेत राहिलं. पुढे कागद उघडे झाले तेव्हा कळलं, की तपासयंत्रणा रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेकडून पुरावे यायची वाट बघत बसली होती. ते काही आले नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये कसलाही आरोप न ठेवता नाव परत. वर्षभर त्या साइटने करायचं काय?

केतकी : आणि चुकून भलत्याचंच नाव गेलं तर?

आत्या : गेलं होतं. ‘मू डॉट कॉम’, म्हणजे एम आणि तीन ओ. हे एक नाव, पण त्याच्या पोटात ८४ हजार छोटी नावं होती. लोक आपलं घरचं पान, दुकानाचं पान, काहीबाही त्याखाली फुकट चालवायचे. फेब्रुवारी २०११ मध्ये आइसने आख्खं वरचं नावच उचललं. आणि ते प्रकरण चित्रपटचोरीचं नव्हतं, बालकांच्या अश्लील चित्रांविरुद्धची कारवाई होती. त्यामुळे त्या ८४ हजार पानांवर, हे बालकांच्या अश्लील चित्रांमुळे जप्त झालंय, असा फलक लागला. कोणी शिंपी असेल, कोणी शिक्षक असेल. चूक लक्षात आल्यावर नाव परत दिलं, पण फलक लगेच गेला नाही. का ते दाखवते. लॅपटॉप दे इकडे. हे बघ, कुठल्याही डॉट कॉम नावाची नोंद मूळ वहीतून मागवली की शेजारी हा आकडा येतो : १,७२,८००. ते सेकंद आहेत. दोन दिवस. एकदा मिळालेलं उत्तर जगभरचे सर्व्हर दोन दिवसांपर्यंत जपून ठेवतात आणि तेच पुन्हा पुन्हा देतात. म्हणून इथे बदल केला की कुठे पाच मिनिटांत दिसतो, कुठे दोन दिवसांनी. खोडताना हेच आणि पुन्हा लिहिताना हेच.

केतकी : हा आकडा लिहून घेते. बरं, पण फायली साठवून वाटणारी ती मेगाअपलोड? तेव्हा मी शाळेत होते, पण नाव ऐकलंय. ती तर खरंच बंद पडली. तिचंही डोमेनच जप्त केलं होतं ना?

आत्या : डोमेनं जप्त झाली, १८. सगळ्यांना दिसली तीच, कारण पानावर शिक्के होते. पण १९ जानेवारी २०१२ ला आणखी काय काय झालं ते बघ. मेगाअपलोडच्या सर्व्हरचा मोठा गठ्ठा व्हर्जिनियातच होता, कार्पेथिया नावाच्या होस्टिंग कंपनीकडे. त्यावर वॉरंट. हाँगकाँगमध्ये कंपनीची मालमत्ता गोठवली. न्यूझीलंडमध्ये तेव्हा २० तारीख उजाडली होती. तिथे पोलीस हेलिकॉप्टरने मेगाअपलोडवाल्या किम डॉटकॉमच्या बंगल्यावर उतरले आणि त्याला व त्याच्या साथीदारांना धरलं. १५ कोटी नोंदणीकृत वापरकर्ते, इंटरनेटवरच्या एकूण वाहतुकीपैकी ४ टक्के, साडेसतरा कोटी डॉलरच्या वर कमाई, असे सगळे आकडे आरोपपत्रात आहेत. सरकारी वकिलांचे आकडे आहेत, जरा बेताने घे. पण माणूस, पैसा आणि यंत्रं तिन्ही एका दिवसात हातातून गेली. ती १८ नावं जप्त केली नसती तरी त्या दिवशी मेगाअपलोड बंदच पडलं असतं.

केतकी : हे तू ठामपणे कशी म्हणतेस? कदाचित नावानेही हातभार लावला असेल.

आत्या : दुसरी बाजू तपास की. फाइलसॉनिक, फाइलसर्व्ह या तशाच साइट्स. त्यांच्या डोमेनांना कोणी हात लावला नव्हता. मेगाअपलोडवर धाड पडल्यानंतर दोन-चार दिवसांत त्यांनी आपणहून फायली वाटायची सोय बंद केली. अपलोडेड नावाच्या एकीने अमेरिकन पाहुण्यांना दारच लावून घेतलं. याउलट २०१० पासून दीड वर्षं डोमेनं जप्त होतच होती, तेव्हा या धंद्यातल्या मोठ्यांपैकी कोणी अशी माघार घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. घाबरले ते हातकड्या बघून.

केतकी : आणि डॉटकॉम परत आला, तोही ‘मेगा’ हेच नाव घेऊन.

आत्या : आला आणि त्यातही नावाचा किस्सा आहे. त्याला ‘मी डॉट जीए’ हवं होतं, म्हणजे बिंदू मधे टाकून ‘मेगा’ असं वाचता येतं. जीए ही गॅबॉन देशाची शेपटी. नोव्हेंबर २०१२ मध्ये, साइट सुरू व्हायच्याही आधी, गॅबॉनच्या मंत्र्याने ते नाव रद्द करून टाकलं. म्हणजे सगळ्यात लवकर झालेली डोमेन कारवाई हीच म्हण ना! मग त्याने न्यूझीलंडचं डॉट सीओ डॉट एनझेड घेतलं आणि धाडीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १९ जानेवारी २०१३ ला, ‘मेगा’ सुरू केलं. मात्र या वेळी फायली कुलूपबंद, किल्ली वापरणाऱ्याकडे. धाडीतून तो शिकला ते हे.

केतकी : मेगाअपलोडवर लोकांच्या स्वतःच्याही फायली असतील. लग्नाचे व्हिडिओ, ऑफिसची कागदपत्रं...

आत्या : होत्या ना. नेदरलँड्समधल्या लीजवेब कंपनीकडे मेगाअपलोडचे ६३० सर्व्हर होते, ते त्यांनी वर्षभर वाट बघून पुसून टाकले. अमेरिकेतले कार्पेथियाने राखून ठेवले, रोजचा खर्च सोसत, कारण पुसावेत तर कोर्ट विचारील आणि ठेवावेत तर पैसे कोण देणार. लोकांनी अर्ज केले, सरकार म्हणालं, हा आमचा प्रश्न नाही. तुला कायद्यात डॉक्टरेट करायची असेल तर या एका प्रकरणात विषय पुरून उरेल.

केतकी : आधी एलएलबी होऊ दे. म्हणजे तुझं म्हणणं, सर्व्हर धरा, माणूस धरा. मग पायरेट बेचं काय? तिथे तर माणसंही धरली, सर्व्हरही नेले.

आत्या : आता बरोबर ठिकाणी आलीस. मेगाअपलोडमध्ये फायली त्यांच्याच कपाटात होत्या. पायरेट बेकडे चित्रपट नव्हताच कधी. चित्रपट लोकांच्या कॉम्प्युटरवर, साइट फक्त कुठे मिळेल ते सांगणार. २०१२ पासून तर त्यांनी टोरेंटच्या फायली ठेवणंही बंद केलं आणि मॅग्नेट लिंका दिल्या. मॅग्नेट लिंकेत असतं काय, तर ४० अक्षरांचा एक ठसा. एवढी ४० अक्षरं हातात असली की तुमचा प्रोग्रॅम जगभरच्या इतर प्रोग्रॅमना विचारत सुटतो : हा ठसा असलेला माल कोणाकडे आहे? मध्ये कुठला सर्व्हर लागत नाही. आणि अशी ४०-४० अक्षरांची आख्खी यादी केवढी होती माहितीये? तेव्हा कोणीतरी पूर्ण पायरेट बेच्या लिंका एका फाइलीत भरून ठेवल्या होत्या. दाबून ९० एमबी. लग्नाच्या अल्बममधले पंधरा-वीस फोटो.

केतकी : म्हणजे आख्खी साइट पेन ड्राइव्हवर.

आत्या : पेन ड्राइव्ह रिकामाच वाटेल. आता त्यांच्या नावांची वरात ऐक. मेगाअपलोड गेल्याबरोबर त्यांना भीती वाटली की डॉट ऑर्ग अमेरिकेच्या हातात आहे, म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वीडनच्या डॉट एसईवर गेले. मग स्वीडनचे सरकारी वकील त्या नावामागे लागले. एप्रिल २०१३ मध्ये ग्रीनलंडचं डॉट जीएल घेतलं, तिथल्या टेलिफोन कंपनीने ताबडतोब नकार दिला. मग आइसलंड. मग कॅरिबियनमधलं सिंट मार्टेन. डिसेंबरात ते गेलं, तर असेन्शन बेट, मग पेरू, मग गयाना, हे सगळं दहा-बारा दिवसांत, आणि फिरून परत स्वीडन. शाळेत भूगोलाचा तास झाला असता. मे २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या कोर्टाने स्वीडनमधली दोन नावं सरकारजमा करायचा आदेश दिला, तर त्याच दिवसांत साइट सहा नव्या नावांवर एकदम उभी राहिली आणि त्यांनी आपल्या चिन्हात सहा तोंडांचा हायड्रा काढला, प्रत्येक तोंडाशी एक शेपटी. तो खटला अपिलात २०१७ च्या डिसेंबरपर्यंत चालला. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, डोमेन ही जप्त होऊ शकणारी मालमत्ता आहे. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल, नक्की नोंद कर. पण साइट कुठे होती तोवर? परत डॉट ऑर्गवर, २०१६ पासून. ज्याची भीती वाटून पळाले होते त्याच नावावर. आणि डॉट ऑर्गची नोंदवहीही व्हेरिसाइनच्याच गावी, रेस्टनला.

केतकी : मग अमेरिकेने घेतलं का नाही ते?

आत्या : माझा अंदाज सांगते, पुरावा नाही. घेऊन काय होतं हे एव्हाना त्यांनाही कळलं असावं.

केतकी : पण पायरेट बे कधीच बंद पडली नाही असं नाही. बऱ्याच दिवसांसाठी गेली होती एकदा.

आत्या : डिसेंबर २०१४. स्टॉकहोमजवळ नाका नावाच्या ठिकाणी पोलिसांनी सर्व्हर उचलले. त्यानंतर साइट जवळजवळ आठ आठवडे अंधारात, ३१ जानेवारी २०१५ ला परत. इतक्या वर्षांत साइट सगळ्यात जास्त दिवस बंद राहिली ती तेव्हा, आणि त्यात डोमेनचा संबंध नाही. २००६ च्या धाडीत ते तीन दिवसांत परतले होते. २००९ मध्ये चौघांना शिक्षाही झाली, साइट चालूच. सर्व्हर आणि माणसं पकडूनही पुरत नाही कधी कधी, कारण चालवणारे दुसरे असतात. झेड लायब्ररीचं बघ. पुस्तकं वाटणारी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने तिची २०० हून जास्त डोमेनं घेतली आणि अर्जेंटिनात दोन रशियन माणसं पकडली. तरी ओळख लपवणाऱ्या टॉर नेटवर्कवर ती चालूच राहिली. तीन महिन्यांनी उघड्या इंटरनेटवर परत आली, तेव्हा प्रत्येक वापरणाऱ्याला त्याचं स्वतंत्र डोमेन. म्हणजे आता बोर्डच नाही, ज्याचं त्याचं दार वेगळं.

केतकी : मग खरंच गेलेली एखादी मोठी टोरेंट साइट?

आत्या : किकॅस. तिनेही फिलिपिन्स, सोमालिया, कोस्टारिका अशा कितीतरी शेपट्या बदलल्या होत्या. २०१६ च्या जुलैमध्ये तिचा युक्रेनियन चालक पोलंडमध्ये पकडला गेला. कसा, ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या करखात्याचा माणूस जाहिरातदार बनून गेला, साइटवर जाहिरात लावायचा भाव विचारला, दिवसाला ३०० डॉलर ठरले, आणि पैसे कुठे भरायचे विचारलं तर लॅटव्हियातल्या बँकेचा खातेक्रमांक हातात आला. शिवाय ॲपलकडच्या नोंदी होत्या. एकाच आयपीवरून आयट्यून्सवर खरेदी झाली होती आणि त्याच दिवशी साइटच्या फेसबुक पानावर लॉगिनही. डोमेनं त्या दिवशीही जप्त झाली. पेपरात फोटो त्यांचाच.

केतकी : हे सगळं ऐकून वाटतं, डोमेन जप्ती म्हणजे निव्वळ देखावा. पण आत्या, सर मला एक प्रश्न नक्की विचारतील. साइट बंद नाही पडली, पण लोक कमी झाले तर? सगळ्यांना आयपी, टॉर, मॅग्नेट थोडंच कळतं? माझी आई तर गूगलवर पहिलं जे येईल ते दाबते.

आत्या : हा तुझा खरा मुद्दा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जुनं नाव गेलं की गूगलवरची वर्षांची जागा जाते, लोकांच्या खुणा करून ठेवलेल्या लिंका मरतात, नव्या नावावर विश्वास बसायला वेळ लागतो. त्या पोकळीत नकली साइट्स घुसतात, क्रेडिट कार्ड मागतात, व्हायरस देतात. म्हणजे त्रास होतोच. तो धंद्याला होतो तसा बघणाऱ्यालाही होतो. मोजमापही झालंय. ब्रेट डॅनाहर आणि मायकेल स्मिथ यांनी दोन स्टुडिओंची आकडेवारी तपासली. मेगाअपलोड बंद झाल्यावर त्यांच्या चित्रपटांच्या डिजिटल विक्रीची आणि भाड्याची कमाई साडेसहा ते साडेआठ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. पण लक्षात ठेव, ते मेगाअपलोड होतं, पूर्ण गेलेलं. मग स्मिथ आणि मंडळींनी ब्रिटन बघितलं. तिथे २०१२ मध्ये एकटी पायरेट बे अडवली, तर लोक दुसरीकडे गेले, अधिकृत सेवांकडे फारसे वळले नाहीत. २०१३ च्या शेवटी एकदम १९ साइट्स अडवल्या, तेव्हा मात्र वळले.

केतकी : म्हणजे एकेक नाही, झुंडीने.

आत्या : झुंडीने आणि एकदम. पण ब्रिटनमध्ये झालं ते डोमेन जप्त करणं नव्हे. तिथे इंटरनेट कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना ती साइट दाखवायची नाही, असा आदेश होता. जप्तीने नाव जगभरातून जातं, अडवणुकीने फक्त त्या देशातून. आपल्याकडे जे होतं ते बहुतेक हे दुसरंच. डॉट कॉमची वही आपल्याकडे नाही ना! आपल्याकडे डॉट इनची, निक्सी या संस्थेकडे. आणि सगळे चोर डॉट इन थोडंच घेतात!

केतकी : दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल मला माहितीये. यूटीव्हीचा. न्यायमूर्ती मनमोहन. डायनॅमिक इंजंक्शन. साइटने नवं नाव घेतलं की नवा दावा लावायचा नाही, प्रतिज्ञापत्र करून जॉइंट रजिस्ट्रारकडे जायचं, नवा पत्ता जुन्याच आदेशात घालून घ्यायचा. निकालात ‘हायड्रा’ हाच शब्द आहे. आणि अलीकडे ते कोर्ट डोमेन विकणाऱ्या कंपन्यांनाही नाव लॉक करायला सांगतं.

आत्या : त्यातून निदान वेगाशी वेग जुळतो. एवढं सगळं असूनही चोरीचे चित्रपट वाटणाऱ्या तमिळरॉकर्सवाल्यांनी कितीतरी वर्षं पत्ते बदलत काढली, हे सोडून देऊ. मुंबईचं काय?

केतकी : आमच्याकडे न्यायमूर्ती गौतम पटेल. २०१६. ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ या चित्रपटाच्या वेळी त्यांनी पूर्ण साइट्स बंद करायला नकार दिला. म्हणाले, आख्ख्या साइटवर फक्त चोरीचाच माल आहे हे दाखवा, नाहीतर नेमक्या लिंका द्या. ‘ढिशूम’च्या वेळी लिंका दोनदा तपासून, शपथेवर मागितल्या. आणि साइट अडवल्यावर जे पान दिसतं त्यावर, ज्याची साइट चुकून अडवली गेली त्याने कुठे दाद मागायची, हेही लिहायला लावलं.

आत्या : हे तू मगाशी सांगायला हवं होतंस. मूवाल्या ८४ हजार लोकांना तेवढी एक ओळ मिळाली असती तर! चांगला न्यायाधीश. बरं, आता तुझ्या निर्मात्याला नक्की हवंय काय?

केतकी : साइट बंद.

आत्या : ते तो म्हणतो. हवंय काय?

केतकी : ...पहिले तीन दिवस. शुक्रवार ते रविवार. मराठी चित्रपट सोमवारी थिएटरमध्ये राहतो की नाही ते रविवारी रात्री ठरतं.

आत्या : मग साइट कायमची मरायची गरजच नाही. तीन दिवस अडखळली तरी त्याचं काम होतं. या एका बाबतीत नाव खोडण्याला अर्थ आहे. पण तुझा तो आकडा बघ, १,७२,८००. शुक्रवारी दुपारी कोणी नाव खोडलं तर काही लोकांना रविवारी दुपारपर्यंत जुनाच पत्ता मिळत राहील. आणि अमेरिकेतल्या वहीपर्यंत तुमचा मुंबईचा आदेश शुक्रवारी पोचणारच नाही. इथल्या कंपन्यांकडून अडवून घ्यायचं तर यादी आधी तयार हवी, तपासलेली, आणि आदेश प्रदर्शनाच्या आधी हातात हवा. शिवाय रात्री जागून नवे पत्ते शोधणारी दोन पोरं हवीत. पत्ते बदलतील ते शनिवारी पहाटे, कोर्ट उघडेल सोमवारी.

केतकी : तपासायचं काम माझ्याच गळ्यात येणार, दिसतंय.

आत्या : येईल. आणखी एक. २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ फुटला तेव्हा त्या प्रतीवर काय लिहिलेलं होतं?

केतकी : ‘फॉर सेन्सर’.

आत्या : म्हणजे कोणी थिएटरात मोबाइल धरून केलेलं नव्हतं ते. जी प्रत प्रमाणपत्रासाठी केली तीच बाहेर. तुझ्या निर्मात्याने संकलनाला, ध्वनीला, सबटायटलला, चॅनेलवाल्यांना, वितरकाला मिळून किती प्रती दिल्यात? प्रत्येकीवर वेगळी खूण आहे का?

केतकी : मी विचारलं होतं त्यांना, परवाच. ते म्हणाले, पेन ड्राइव्हने दिलंय सगळ्यांना, आठवत नाही कोणाकोणाला.

आत्या : मग नोटचा पहिला मुद्दा तो घाल. डोमेन चौथ्या पानावर आलं तरी चालेल. चहा टाकते आता, तू लिही.